ही बशी नव्हे

जबाब (अर्ज चौकशी)
दिनांक : ९ मे २०१६, वेळ सकाळी ११.२०
ठिकाण : पोलीस दूरक्षेत्र, मुंगशी (शिक्का मारला आहे, पॅड वाळल्यामुळे उमटलेला नाही.)

नाव : पंचफुला भ्र. रामकिशन सोनकांबळे
वय : ४७ वर्षे
धर्म : बौद्ध
धंदा : चहाचा गाडा
शिक्षण : शाळा नाही. वाचता-लिहिता येते.
राहणार : मुंगशी, ता. कंधार, जि. नांदेड (सध्या तरी)

समक्ष विचारल्यावरून सांगते की, त्या सकाळी मी अंगण झाडलं, सडा टाकला नाही. सड्याला पाणी नव्हतं. किटली राखेने घासून जुन्या लुगड्याच्या तुकड्याने पुसली. आलं ठेचलं. दोन घागरींपैकी एक चहाला काढली, एक घरात ठेवली. साडेसहाला गाडा टँकर पॉइंटवर, म्हणजे टँकर भरतात त्या विहिरीपाशी नेला आणि स्टोव्ह पेटवला.

इथे हवालदार शेषेराव गित्ते यांनी मला थांबवून विचारलं की, बाई, अर्जदार अप्पांना भाजलं ते दुपारी, ही कोणती सकाळ? मी म्हणाले, "तुम्हीच म्हणलात, सुरुवातीपासून सांगा. सुरुवात इथून हाय." ही सकाळ २५ फेब्रुवारीची.

माझे पती रामकिशन पाण्याच्या टँकरवर चालक होते. त्या दिवशी आठ वाजून दहा मिनिटांनी दुसरी खेप भरायला आले. पूर्वी ते काचेच्या ग्लासात, गाड्यापाशी उभं राहून चहा घ्यायचे. जानेवारीपासून ग्लास विसळायला पाणी मिळेना म्हणून मी कागदी कप आणले. ग्लास परत द्यावा लागतो, कप द्यावा लागत नाही. त्यामुळे सगळे चालक चहा घेऊन गाडीत बसायला लागले. रामकिशन म्हणाले, "काठोकाठ भर, तांड्यापर्यंत पुरला पाह्यजे." मी काठोकाठ भरला. त्यांनी तो स्टेअरिंगच्या पुढे, काचेपाशी ठेवला. मी दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले.

पावणेनऊच्या सुमारास तांड्याच्या उतारावर टँकर उलटला, त्यात ते गेले. पंचनाम्यात "चालकाचा वाहनावरील ताबा सुटला" असं लिहिलं आहे. तो पंचनामा मी स्वतः वाचला. दवाखान्याच्या कागदात "दोन्ही मांड्यांवर भाजल्याच्या ताज्या खुणा" असं एक वाक्य आहे. त्याबद्दल मला कोणी विचारलं नाही. मीही कोणाला विचारलं नाही. टँकरमधलं पाणी रस्त्याकडेच्या खड्ड्यात साचलं, ते तांड्यावरच्या बायकांनी घागरींनी भरून नेलं. त्यांना मी काही म्हणत नाही. मी तिथे असते तर मीही नेलं असतं.

हवालदार साहेबांचं म्हणणं पडलं की याचा चालू अर्जाशी संबंध नाही. पण अर्जात "सदर बाईने असल्या वस्तू कोणत्या हेतूने तयार केल्या" असा प्रश्न आहे. हेतू विचारला म्हणून सांगितला. त्यांनी लिहून घेतला.

वस्तूबद्दल खुलासा असा की, ते कपाचं झाकण आहे. पहिलं झाकण मी वहीच्या पुठ्ठ्याचं कापलं. ते वाफेने मऊ पडून कपात उतरलं. टँकरचालक पाशामियाँ यांनी तसाच चहा संपवला आणि परत येऊन म्हणाले, "मावशी, आज बिस्कीट बारीक करून टाकलं होतं का?" दुसऱ्या वेळी द्रोण उपडा घातला. तो पहिल्याच खड्ड्याला उडाला आणि क्लीनरच्या डोक्यावर बसला. यात कोणाला इजा झाली नाही.

त्यानंतर मी शेजारच्या गौसियाबी यांच्याकडे गेले. त्यांच्याकडे द्रोण दाबायचं मशीन आहे. त्यांचे पती हनीफभाई वेल्डिंग करतात. मी काय पाहिजे ते सांगितल्यावर हनीफभाई म्हणाले, "क्या भाभी, चाय कू टोपी पिनाते क्या?" मी म्हणाले, "हाव. ब्रेक मारला तरी पडू न्हाई अशी." यावर ते हसले नाहीत. त्यांनी भट्टीवरचं काम बाजूला ठेवलं.

कप मऊ असतो, त्याच्या तोंडाचं माप नीट येईना. काहीतरी कडक वस्तू पाहिजे होती. घरात रामकिशन यांचा स्टीलचा पेला होता, त्याचं तोंड कपाएवढंच निघालं. तो पेला हनीफभाईंच्या दुकानात नऊ दिवस होता. मी रोज जाऊन बघून येत होते. नऊ दिवसांनी लोखंडी साचा तयार झाला. द्रोणाचा चांदीकागद त्यात गरम दाबला की काठाला आतून खाच पडते आणि ती खाच कपाच्या ओठावर चढून बसते.

भोकांबद्दल अर्जात पुष्कळ लिहिलं आहे, म्हणून सांगते. आधी मी एकच भोक पाडलं होतं. त्यातून चहा येईना, आणि आला की गचकन यायचा. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल असंच गुडगुडतं. समोरच्या बाजूला दुसरं पाडलं की सरळ धार लागते. हे स्वयंपाक करणाऱ्या कोणालाही माहीत असतं. म्हणून दोन भोकं. मोठं पिण्याचं, बारीक हवेचं. यात, अर्जात म्हटलं तसा, शेजारच्या बोरजाई गावच्या लोकांचा सल्ला घेतलेला नाही.

झाकणाची तपासणी मी स्वतः केली. पाशामियाँ यांच्या टँकरमध्ये पुढच्या सीटवर बसले, झाकण लावलेला गरम चहाचा कप दोन्ही मांड्यांच्या मध्ये धरला आणि तांड्याच्या उतारावर ब्रेक मारायला सांगितला. त्यांनी मारला नाही. म्हणाले, "मावशी, इथं न्हाई, पुढं मारू." मी म्हणाले, इथंच. मग त्यांनी मारला. पहिल्या दिवशी लुगड्यावर सहा-सात थेंब आले. खाच अर्ध्या सुताने खोल केली. चौथ्या दिवशी एकही थेंब आला नाही. टँकरमध्ये बाई बसवायची परवानगी नसते. हा गुन्हा होत असेल तर तो माझा आहे, पाशामियाँ यांचा नाही.

मार्चअखेरपासून पॉइंटवरचे सगळे चौतीस टँकर माझं झाकण घेऊन जातात. चौदा एप्रिलला जयंतीच्या मिरवणुकीत तीनशे कप गेले. नाचणाऱ्यांच्या हातातले कपसुद्धा सांडले नाहीत. कोणी झाकण काढलं नाही, कोणी तक्रार केली नाही. तेव्हा मला वाटलं की झाकण पुरं झालं. ते माझं चुकलं. चालकाचा एक हात स्टेअरिंगवर असतो आणि मिरवणुकीतला माणूस चालत असतो. बशी लागते ती बसलेल्या माणसाला. बसलेला माणूस माझ्या ध्यानात आलाच नाही.

आता अर्जदाराबाबत. श्री. शरणप्पा बिरादार, ज्यांना गावात अप्पा म्हणतात, हे मुंगशी जिल्हा निर्मिती कृती समितीचे अध्यक्ष आहेत. मुंगशी अजून तालुका नाही. यावर समितीचं म्हणणं असं की, तालुका मागितला तर सरकार बसथांबा देईल, जिल्हा मागितला तर निदान तालुका तरी देईल. शेजारच्या बोरजाईचीही अशीच समिती आहे. तिचंही म्हणणं हेच आहे.

दिनांक ६ मे रोजी नांदेडहून मोठे साहेब टंचाईची पाहणी करायला येणार होते. समितीने शाळेपुढे मांडव टाकला. एकाच वेळी टँकरच्या खेपा वाढवून मागायच्या आणि जिल्हाही मागायचा, असं ठरलं होतं. समितीचे चिटणीस नरसिंग आदल्या दिवशी गाड्यावर आले आणि म्हणाले, "काकू, चाळीस चहा लागतेत. टोपणवाले. सायबाला कसं, पुण्यात आल्यावानी वाटलं पाह्यजे."

मी दुपारी साडेबाराला चाळीस कप घेऊन गेले. वाटताना प्रत्येकाला सांगितलं की झाकण काढू नका, मोठ्या भोकातून प्या. अप्पा पहिल्या रांगेत होते. मांडीवर निवेदन, निवेदनाला जोडलेल्या गावकऱ्यांच्या सह्या, अंगावर नवीन धोतर. ते म्हणाले, "पंचफुला, आता चहा प्यायला तू शिकवणार का आम्हाला?"

मी म्हणाले, "शिकवत न्हाई अप्पा, सांगायलेय."

"आमच्या वडलानं निजामाच्या तहसीलदारासंगं चहा घेतलाय."

"त्याला झाकण नव्हतं, अप्पा."

यावर लोक हसले. अर्जात "भर सभेत अपमान केला" असं जे लिहिलं आहे, ते एवढंच.

त्यानंतर अप्पांनी झाकण काढलं, उलटं करून डाव्या हातावर घेतलं आणि त्यात चहा ओतला. ओतून मिशीपर्यंत नेला आणि फुंकर मारायला लागले. मी तीन हात अंतरावर होते. "अप्पा, भोकं!" असं मी म्हणाले, हे समोर बसलेले शिवप्पा सांगतील. चहा आधी मोठ्या भोकातून निवेदनावर पडला, मग दोन्ही भोकांतून धोतरावर.

अप्पा "आगागागा" असं ओरडले. मांडवाच्या टोकाला बसलेल्यांना त्यातलं फक्त "आग" ऐकू गेलं. मांडवात कापड होतं, उन्हाळा होता, लोक घाबरले. येणाऱ्या साहेबांना प्यायला म्हणून दोन हंडे पाणी ओलं फडकं बांधून कोपऱ्यात ठेवलेलं होतं. सकाळपासून त्याला कोणी हात लावला नव्हता. लहान पोराने मागितलं तरी नरसिंग यांनी दिलं नव्हतं. ते दोन्ही हंडे नरसिंग यांनी अप्पांच्या डोक्यावर रिकामे केले.

याच वेळी साहेबांची जीप आली. साहेब उतरले. अप्पा डोक्यापासून पायापर्यंत निथळत होते, खाली चिखल झाला होता आणि त्या चिखलात दोन शेळ्या तोंड घालत होत्या. साहेबांनी चिखलाकडे बघितलं. मग म्हणाले, "टंचाई कुठाय? इथं तर अंघोळी चालल्यात." अप्पांनी ओलं निवेदन पुढे केलं. त्यावरचा "जिल्हा" पुसला गेला होता, "मुंगशी" राहिलं होतं. साहेब चार मिनिटं थांबले आणि जेवायला बोरजाईला गेले. तिथे वांग्याची भाजी होती असं कळतं. हे ऐकीव आहे.

अर्जदाराचं म्हणणं असं की, माझं माहेर बोरजाईचं असल्यामुळे मी त्या लोकांच्या सांगण्यावरून हे केलं. माझं माहेर बोरजाई आहे, हे खरं. सत्तावीस वर्षांपूर्वी ते सोडलं. बोरजाईचा जिल्हा व्हावा असं मला कधी वाटलं नाही. मुंगशीचा व्हावा असंही वाटलं नाही. नळाला पाणी यावं असं वाटतं.

अर्जातलं मुख्य वाक्य मी वाचलं आहे. "सदर बाईने भोके असलेली बशी पुरवून अर्जदारास भाजले." ६ मे रोजीच दुपारी चार वाजता माझ्या गाड्यावरून जो माल ठाण्यात आणला त्याच्या यादीतही "भोके असलेल्या कागदी बश्या, नग ११२, लोखंडी साचा, नग १" असं लिहिलं आहे. ही जप्ती आहे का, असं मी विचारलं. हवालदार साहेब म्हणाले, जप्ती नव्हे, ठेवून घेतलंय. मग परत द्या, असं मी म्हणाले. तर ते म्हणाले, मग जप्ती समजा.

माझी हरकत "बशी" या शब्दाला आहे. बशीला भोक असणं हा दोष आहे. झाकणाला भोक नसणं हा दोष आहे. कागदावर बशी लिहिलं की मी दोषी, झाकण लिहिलं की अप्पांनी उलटं धरलं. बाकी अर्जात वाद घालण्यासारखं काही नाही.

बशीबद्दल मला तसंही प्रेम नाही. माझ्या लहानपणी बोरजाईच्या हॉटेलात आमच्या लोकांसाठी वेगळी कपबशी असायची. कपाची दांडी तुटलेली, बशीला तडा गेलेला. खिडकीबाहेर फळीवर ठेवलेली असायची. माझे वडील पिऊन स्वतः धुऊन परत फळीवर ठेवायचे. कागदी कपाचं काही असो, तो सगळ्यांना एकच आणि कोणालाच धुवावा लागत नाही. हे हवालदार साहेब लिहीत नव्हते. मी लिहायला लावलं.

अप्पांना भाजलं, याचं मला वाईट वाटतं. डॉक्टरांच्या दाखल्यात उजव्या मांडीवर तीन फोड लिहिले आहेत. घटनेच्या दिवशी संध्याकाळी मी कोरफड घेऊन त्यांच्या घरी गेले होते. अप्पा भिंतीकडे तोंड करून पडले होते. त्यांच्या पत्नी कस्तुराबाई यांनी कोरफड घेतली आणि म्हणाल्या, "काय सांगू बाई, चाळीस वर्सं झाली, बशीच्या बाहीर काढता आलं न्हाई. मागं एकदा दवाखान्यात सलाईन लावलं तर म्हणले, जरा गार करून लावा." त्या हसल्या. मी हसले नाही, कारण त्या वेळी डॉक्टरांनी बांधलेली पट्टी दिसत होती आणि ती मांडीवर होती.

दिनांक ८ मे रोजी सकाळी नरसिंग माझ्या घरी आले. म्हणाले, "काकू, दोन वळी लिहून द्या. 'माझ्या बशीत दोष होता, परत करणार न्हाई.' अप्पा अर्ज मागं घेतेत. दुपारपस्तोर साचा घरी."

मी म्हणाले, "ती बशी न्हाई."

"काकू, एका शब्दाला काय धरून बसलाव?"

"अर्जच एका शब्दाला धरून हाय."

"मग नुस्तं 'परत करणार न्हाई' लिवा. बशी काढून टाकू."

मी विचार केला. साचा घरी येईल, पण त्यात झाकण दाबता येणार नाही, असा त्या दोन ओळींचा अर्थ होतो. अशा साच्याचं मी काय करू? त्यात फुलवात ठेवू? मी नरसिंग यांना पाणी विचारलं. त्यांनी नको म्हटलं. हल्ली सगळेच नको म्हणतात. ते गेले.

माझी विनंती एवढीच की साचा परत मिळावा. झाकणं ठेवून घ्या, ती पुन्हा दाबता येतील. साचा ठाण्यात आहे तोवर चौतीस टँकर दिवसाला पाच-सहा खेपा करतात आणि तांड्याचा उतार जिथे होता तिथेच आहे. चालकांना चहा घेऊन चढू नका, असं मी सांगून पाहिलं. ते ऐकत नाहीत. लातूरला रेल्वेने पाणी आलं, ते पेपरात मी वाचलं. इकडे रेल्वे नाही. इकडे हेच चौतीस जण आहेत.

शेवटचा मुद्दा. अर्जदाराने पुरवणी अर्ज दिला आहे की, माल ठाण्यात नेल्यावरही मी दुसऱ्या दिवशी तोच धंदा केला. मी दुसऱ्या दिवशी, म्हणजे ७ मे रोजी काय केलं, ते हवालदार साहेबांनी विचारलं. ते असं.

पहाटे उठून अंगण झाडलं. किटली घासली, आलं ठेचलं. गौसियाबींकडून चांदीकागद आणला. साचा नव्हता म्हणून रामकिशन यांचा पेला घेतला, त्याच्या तोंडावर कागद ठेवून अंगठ्याने काठ दाबून दाबून झाकणं वळली. साच्याइतकी घट्ट बसत नाहीत, पण बसतात. दाभणाने दोन-दोन भोकं पाडली. चौतीस झाली. प्रत्येकावर बॉलपेनने "ही बशी नव्हे" असं लिहिलं. एक जास्तीचं करून कस्तुराबाईंकडे पाठवलं. मग पॉइंटवर उभी राहिले आणि येईल त्या टँकरला चहा दिला. कप दोन बोटं रिकामे ठेवले. मी मार्चपासून तसेच ठेवते. त्यावरून लोक मला चिकट म्हणतात. म्हणू द्या.

जबाब वाचून दाखवायला हवालदार साहेबांनी कागद उचलला, पण तो मी मागून घेऊन स्वतः वाचला. माझ्या तोंडचं "झाकण" तीन ठिकाणी "बशी" असं लिहिलं गेलं होतं. ते खोडून "झाकण" करून घेतलं आणि तिन्ही खोडींवर सही केली. बाकी मी सांगितलं तसंच आहे.

समक्ष,
शेषेराव गित्ते, हवालदार

सही,
पंचफुला भ्र. रामकिशन सोनकांबळे